वानराचं पोट

पुसद हे गाव डोंगरांच्या वाटीत वसलेलं आहे. पूस नदी गावातून वाहते आणि पुढे पैनगंगेला जाऊन मिळते. डिसेंबर उजाडला की आजूबाजूच्या शेतांत तुरीला शेंगा धरतात, हरभरा वीतभर वाढतो, आणि गावाच्या कडेला असलेल्या शाळांच्या टिनांवर एक दिवस धाडधाड आवाज होतो. ‘वांदरं आली!’ म्हणून अख्खा वर्ग खिडकीकडे धावतो. अशा वेळी छडी आपटून मुलांना जागेवर बसवण्यापेक्षा पुस्तक मिटून आपणही खिडकीशी जाणं बरं, असं आम्हाला वाटतं. टिनांवर बसलेल्या त्या प्राण्यात जीवशास्त्राचे निदान चार-पाच धडे आहेत.

मुलं प्रश्नही चांगले विचारतात. एका शेतकऱ्याच्या मुलाने आम्हाला विचारलं होतं, ‘सर, जंगलात एवढी पानं असताना वांदरं आमच्या हरभऱ्यातच का येतात?’ प्रश्न साधा वाटतो, पण त्याचं उत्तर द्यायला वानराच्या पोटात शिरावं लागतं. या लेखात आपण तेच करू या.

वानर वेगळं, माकड वेगळं

आधी एक गोंधळ दूर करू. बोलताना आपण वानर आणि माकड हे शब्द एकमेकांच्या जागी सहज वापरतो, पण हे दोन निरनिराळे प्राणी आहेत. काळ्या तोंडाचं, करड्या अंगाचं, लांब शेपटीचं ते वानर. तांबूस तोंडाचं, भुरकट अंगाचं आणि वानराच्या मानाने आखूड शेपटीचं ते माकड. पुसदच्या परिसरात टोळ्याटोळ्यांनी दिसतं ते वानर. त्याचं शास्त्रीय नाव सेम्नोपिथेकस एन्टेलस. पूर्वी भारतभरची करडी वानरं एकाच जातीची मानत. आता त्यांच्या अनेक जाती मानल्या जातात.

नर वानराचं वजन साधारण सोळा-सतरा किलो आणि मादीचं अकरा किलोच्या आसपास भरतं. शेपटी शरीरापेक्षा लांब असते. ‘हुप्प’ असा घुमणारा आवाज काढतो तो मोठा नर, म्हणजे आपला हुप्प्या.

रंग आणि शेपटी यांपेक्षा महत्त्वाचा फरक खाण्याच्या वेळी दिसतो. माकडाच्या दोन्ही गालांत पिशव्या असतात. दाणे, फळं जे मिळेल ते ते भराभर गालांत कोंबतं आणि सुरक्षित जागी जाऊन सावकाश खातं. वानराला अशा पिशव्या नसतात. तोंडात घेतलेलं ते चावून गिळतं आणि पुढचं काम पोटावर सोपवतं. म्हणजे माकडाची कोठी गालात आणि वानराची पोटात!

पोटातली आंबवणी

पान हे अन्न म्हणून तसं अवघड असतं. पानांतल्या पेशींच्या भिंती सेल्युलोजच्या बनलेल्या असतात, आणि सेल्युलोज फोडणारं विकर कुठल्याही सस्तन प्राण्याचं शरीर स्वतः तयार करत नाही. गाय नाही, हत्ती नाही, माणूसही नाही. शिवाय अनेक झाडं आपल्या पानांत टॅनिनसारखी तुरट किंवा चक्क विषारी द्रव्यं साठवून ठेवतात. झाडाला पळून जाता येत नाही. पान बेचव करणं हाच त्याचा बचाव.

मग पानं खाऊन जगायचं कसं? गायीने शोधलेला उपाय आपल्याला माहीत आहे. तिच्या पोटाच्या पुढच्या कप्प्यांत अब्जावधी जिवाणू राहतात. ते सेल्युलोज आंबवतात आणि त्यातून तयार होणारी मेदाम्लं गायीच्या रक्तात शोषली जातात. इडलीचं पीठ आंबतं तसाच हा प्रकार, फक्त भांडं जिवंत आहे.

वानराने हाच उपाय स्वतंत्रपणे शोधला आहे. त्याचं जठर मोठं आणि कप्प्याकप्प्यांचं असतं. पुढच्या कप्प्यात आम्ल फारसं नसतं, त्यामुळे जिवाणू तिथे सुखाने राहतात. पानं आधी त्यांच्या हवाली होतात. ते सेल्युलोज आंबवतात आणि पानांतल्या काही विषारी द्रव्यांचाही निकाल लावतात. वानर गायीसारखा रवंथ करत नाही. पण त्याच्या दाढांना पानं कातरण्यासाठी धारदार कंगोरे असतात, त्यामुळे पान पहिल्याच खेपेला बारीक होतं.

गंमत पुढेच आहे. पुढच्या कप्प्यातले जिवाणू अन्नाबरोबर मागच्या, आम्ल असलेल्या कप्प्यात वाहून जातात. हे जिवाणू म्हणजे प्रथिनांचा साठाच. तो वाया घालवून कसा चालेल? त्यांना फोडायला लायसोझाइम नावाचं विकर लागतं. हे विकर आपल्याही अश्रूंत आणि लाळेत असतं. जिवाणूंच्या भिंती फोडून ते आपलं रक्षण करतं. गायीने आणि वानराने हेच रक्षणाचं विकर पचनाच्या कामाला जुंपलं. त्यासाठी ते जठरातल्या आम्लात टिकेल असे बदल त्यात व्हावे लागले.

१९८७ साली कॅरो-बेथ स्टुअर्ट, अ‍ॅलन विल्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आपल्या या वानराचं लायसोझाइम तपासलं. त्याच्या प्रथिनसाखळीत काही ठिकाणी नेमके गायीसारखेच बदल झालेले त्यांना आढळले. वानर आणि गाय जवळचे नातलग नव्हेत. वानराचं नातं गायीपेक्षा आपल्याशी कितीतरी जवळचं आहे. तरी सारख्या गरजेपोटी दोघांच्या विकरांत सारखे बदल घडून आले. उत्क्रांती शिकवताना वटवाघळाचे आणि पक्ष्याचे पंख हे उदाहरण आपण नेहमी देतो. शाळेच्या टिनांवर बसलेलं हे उदाहरणही त्याच तोलाचं आहे.

दुसऱ्या पोटाचं माकड

पोट बदललं की सगळं जगणं कसं बदलतं, हे पाहायला आपण क्षणभर दक्षिण अमेरिकेत जाऊ. अ‍ॅमेझॉनच्या जंगलात एक चिमुकलं माकड राहतं. त्याला इंग्रजीत स्क्विरल मंकी म्हणतात. आपण त्याला खार-माकड म्हणू. शास्त्रीय नाव सायमिरी. वजन पाऊण ते एक किलो. डोळ्यांभोवती पांढरी वर्तुळं, नाकातोंडाशी काळा ठिपका. १९५९ साली अमेरिकेने अग्निबाणातून अवकाशात पाठवलेली आणि जिवंत परतलेली ‘बेकर’ ही याच जातीची मादी होती.

खार-माकड कीटक आणि फळं खातं. कीटकांत प्रथिनं भरपूर आणि पिकल्या फळांत साखर भरपूर, त्यामुळे त्याला आंबवणीची टाकी बाळगावी लागत नाही. त्याचं पोट लहान आणि साधं असतं. पण कीटक काही एका जागी ढिगाने पडलेले नसतात. त्यांना पानापानांखाली हुडकावं लागतं. म्हणून खार-माकड दिवसभर पळत असतं. पन्नास-साठ जणांची टोळी पानं उलटीपालटी करत, टोळ आणि सुरवंट टिपत जंगलातून सरकत राहते.

आता आपलं वानर पाहा. सकाळी दोन-तीन तास खाऊन झालं की दुपारी ते वडा-पिंपळाच्या फांदीवर पाय सोडून बसतं. बसल्या बसल्या एकमेकांच्या अंगावरची केसं विंचरणं चालतं. मुलं म्हणतात, ‘आळशी आहेत.’ ती आळशी नाहीत. पोटात आंबवणी चालू असते, आणि तिला वेळ लागतो. खार-माकडाचा वेळ अन्न शोधण्यात जातो, वानराचा ते पचवण्यात.

तांबूस पालवी

आता एक प्रश्न उरतो. पानं सगळीकडे आहेत, मग वानर कुठलंही पान का खात नाही? झाडाखाली उभं राहून पाहिलं तर दिसेल की ते निवड करतं. एक पान तोडतं, हुंगतं, टाकून देतं, दुसरं घेतं. कोवळ्या पानात प्रथिनं जास्त आणि तंतू कमी असतात. जून पानात उलट. त्यामुळे जिवाणूंची टाकी असली तरी कोवळं पान केव्हाही फायद्याचं.

आणि कोवळी पालवी ओळखायची कशी? आपल्याकडे मोह, पिंपळ, कुसुम यांची नवी पालवी तांबूस असते. हिरव्यातून तांबडं वेगळं काढता आलं तर ती लांबूनही उठून दिसते. वानर, माकड आणि माणूस यांच्या डोळ्यांत रंग ओळखणाऱ्या तीन प्रकारच्या शंकुपेशी असतात, त्यामुळे त्यांना हा फरक दिसतो. तीन रंगांची ही दृष्टी आपल्या पूर्वजांना पालवी शोधण्यासाठी उपयोगी पडली असावी, असं काही शास्त्रज्ञ मानतात. पिकलेली फळं शोधण्यासाठी ती आली, असं दुसऱ्या काहींचं म्हणणं आहे.

खार-माकडांत मात्र सगळ्या नरांना शंकुपेशींचे दोनच प्रकार मिळतात. तांबडं आणि हिरवं त्यांना वेगळं दिसत नाही. काही माद्यांना तिन्ही रंग दिसतात, कारण या दृष्टीचं जनुक एक्स गुणसूत्रावर असतं आणि मादीकडे अशी दोन गुणसूत्रं असतात. माणसांतलं रंगांधळेपण मुलग्यांत जास्त का, हे शिकवताना हे उदाहरण जरूर सांगा. २००९ साली जे नाइट्झ आणि सहकाऱ्यांनी नर खार-माकडांच्या डोळ्यांत हरवलेलं जनुक पोचवलं, तेव्हा ती मोठी झालेली माकडं तांबडा-हिरवा फरक ओळखू लागली.

टोळीतलं जीवन

वानरांची टोळी बहुधा एका मोठ्या नराभोवती असते असं आपल्याला वाटतं. खरं तर टोळीचा कणा माद्या असतात. आई, मुली, मावश्या, नाती अशा एकमेकींच्या नात्यातल्या माद्या जन्मभर त्याच टोळीत आणि त्याच परिसरात राहतात. मुलगे वाढले की बाहेर पडतात आणि नुसत्या नरांच्या टोळक्यात भटकतात.

जन्मलेलं पिल्लू काळपट असतं. काही महिन्यांत त्याचा रंग आईसारखा होतो. पहिल्या दिवसापासून ते एकीच्या कुशीतून दुसरीच्या कुशीत फिरतं. तरुण माद्या तर त्याला घ्यायला टपलेल्याच असतात. खालच्या पारावर बसलेल्या बायकांत एखादं तान्हं हातोहात फिरतं, तसंच.

या जीवनाला एक कठोर बाजूही आहे. १९६१ ते १९६३ या काळात युकिमारु सुगियामा या जपानी शास्त्रज्ञाने धारवाडजवळच्या जंगलात वानरांचा अभ्यास केला. बाहेरच्या नरांनी हल्ला करून टोळीतल्या जुन्या नराला हाकललं आणि त्यानंतर नव्या नराने टोळीतली अंगावर पिणारी पिल्लं मारली, असं त्यांनी नोंदवलं. पुढे अबूच्या पहाडावर सारा हर्डी यांनी १९७१ पासून काही वर्षं हाच प्रकार अभ्यासला. पिल्लू गेलं की आई लवकर पुन्हा माजावर येते आणि नव्या नराला स्वतःची पिल्लं होतात, असा अर्थ त्यांनी लावला. ही गर्दीतून आलेली विकृती आहे, असं म्हणणारेही होते. १९९९ मध्ये नेपाळमधल्या रामनगरच्या वानरांच्या डीएनए तपासणीचे निष्कर्ष आले. पिल्लांवर हल्ला करणारे नर त्या पिल्लांचे बाप नव्हते. हर्डी यांच्या म्हणण्याला त्यामुळे बळ मिळालं. मुलांना हे सांगताना एवढंच सांभाळावं की निसर्गात घडतं ते सगळं आपल्यासाठी आदर्श नसतं, आणि वाईट वाटतं म्हणून ते लपवूनही ठेवू नये.

मग हरभऱ्यातच का?

आता त्या मुलाच्या प्रश्नाकडे येऊ. मागच्या हिवाळ्यात आम्ही पुसदजवळच्या एका शेताच्या धुऱ्यावर सकाळभर बसलो होतो. डोंगराच्या उतारावरून टोळी उतरली. पुढे हुप्प्या, मागे पोटाशी पिल्लं धरलेल्या माद्या. त्यांनी आधी हरभऱ्याचे शेंडे खुडले, मग तुरीच्या ओळीत शिरून हिरव्या शेंगा ओरबाडल्या. शेतमालकाने डबा वाजवला, तशी ती पळसावर चढली. डबा थांबला, तशी उतरली. ते आम्हाला म्हणाले, ‘सर, रात्री डुक्कर, दिवसा वांदर. आम्ही झोपावं कधी?’

याचं उत्तर आमच्याकडे नव्हतं. पण वानरं का येतात, हे आता आपण सांगू शकतो. आपलं जंगल पानगळीचं आहे. हिवाळा सरत येतो तशी सागा-धावड्याची पानं जून होतात, वाळतात, झडतात. उन्हाळ्याच्या तोंडाशी पळस, सावर, मोह फुलतात आणि पाठोपाठ नवी पालवी येते, तोवर जंगलात वानराचं ताट रिकामंच असतं. नेमक्या याच दिवसांत शेतात हरभरा आणि तूर कोवळी असते. दोन्ही द्विदल, म्हणजे प्रथिनांनी भरलेली. शिवाय हजारो वर्षं निवड करून माणसाने आपल्या पिकांतला कडूपणा आणि तुरटपणा कमी करत आणला आहे. जंगलात दहा झाडं धुंडाळून जे मिळतं, ते इथे एका वाफ्यात मांडून ठेवलेलं असतं. वानर लबाडीने येत नाही. त्याचं पोट त्याला इकडे आणतं.

याचा अर्थ शेतकऱ्याने ते सोसावं असा मुळीच नाही. त्याचं नुकसान खरं आहे. पण कारण कळलं तर उपाय नीट शोधता येतात. वानरं बहुतेक ठरलेल्या वाटेने, ठरलेल्या झाडांवरून उतरतात आणि माणसाची सतत हजेरी असेल तिथे बिचकतात. नुसतं बुजगावणं मात्र त्यांना चार दिवसांत कळतं. म्हणून शेजारच्या शेतकऱ्यांनी पाळी लावून एकत्र राखण करणं, एकट्याने दिवसभर डबा वाजवण्यापेक्षा बरं. आणि दूरचा उपाय जंगलातच आहे. वड, पिंपळ, उंबर, मोह, कुसुम अशी निरनिराळ्या वेळी फळणारी आणि पालवणारी झाडं टिकली, तर वर्षातले उपाशी दिवस कमी होतात.

शनिवारचा प्रसाद

एक गोष्ट मात्र आपल्या प्रत्येकाच्या हातात आहे. शनिवारी मारुतीच्या देवळापाशी आणि घाटातल्या वळणांवर लोक गाड्या थांबवून वानरांना केळी, बिस्किटं, फुटाणे देतात. भावना चांगलीच असते. पण पोटाचा विचार करा. बैलाने धान्याच्या पोत्यात तोंड घातलं की काय होतं, हे खेड्यातल्या प्रत्येक मुलाला माहीत असतं. पिष्ट आणि साखर एकदम पोटात गेली की जिवाणू ती भराभर आंबवतात, आम्ल वाढतं आणि बैलाचं पोट फुगतं. वानराची टाकीही त्याच जातीची आहे. आपलं वानर त्याच्या इतर पानखाऊ भाऊबंदांपेक्षा काटक आहे, पिकली फळंही ते खातं. म्हणूनच ते गावात टिकून आहे. तरी रोजच्या बिस्किटांसाठी ते पोट बनलेलं नाही.

दुसरा तोटा याहून मोठा आहे. रस्त्यावर खायला मिळतं हे कळलं की टोळी रस्त्यावरच बसते आणि गाड्यांखाली सापडते. माणसाची भीती गेली की तीच टोळी निर्धास्तपणे घरात आणि शेतात शिरते. म्हणजे आपण रस्त्यावर दिलेल्या केळ्याची किंमत शेवटी एखादं पिल्लू मोजतं, नाहीतर धुऱ्यावर बसलेला शेतकरी.

वर्गासाठी काही कामं

१. मुलांना आठवडाभर एकाच टोळीची नोंद ठेवायला सांगा. दर दहा मिनिटांनी पाहायचं : किती जण खात आहेत, किती बसून आहेत, किती चालत आहेत. सकाळ, दुपार, संध्याकाळ यांचे तीन स्तंभालेख काढा. पोटातली आंबवणी आलेखात दिसते का?

२. वानर कुठल्या झाडाचं काय खातं याचा तक्ता करा : कोवळं पान, जून पान, फूल, कच्चं फळ, पिकलं फळ, बी. झाडांची नावं आजी-आजोबांना विचारावीत. असा तक्ता वर्षभर चालवला तर शेतात येण्याचे महिने आपोआप कळतील.

३. शेपटी पाहा. भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेतले शास्त्रज्ञ मि. ला. रूनवाल यांनी नोंदवलं होतं की उत्तरेकडचं वानर चालताना शेपटीची कमान पाठीवरून डोक्याकडे वळवतं, तर दक्षिणेकडच्या वानराची शेपटी मागे वळते. साधारण तापी आणि गोदावरी यांच्या आसपास ही सीमा मानली जाते. पुसद या दोन नद्यांच्या मधल्या पट्ट्यातच येतं. तुमच्या शाळेवरची टोळी कुठल्या बाजूची?

४. हे सगळं दुरूनच करायचं. खायला द्यायचं नाही, दात दाखवून चिडवायचं नाही, पिल्लाच्या जवळ जायचं नाही.

पुढच्या वेळी टिनांवर धाडधाड आवाज झाला, की मुलांना खिडकीशी जाऊ द्या. आणि ज्याच्या बापाचा हरभरा कालच खाल्ला गेला आहे, त्या मुलाला सर्वांत पुढे उभं करा. वानर त्याच्याइतकं जवळून वर्गात दुसऱ्या कुणीच पाहिलेलं नसतं.